किल्ल्यातली कबर आणि जात्यावरची ओवी



स्मृतिव्याख्यान ही आपल्याकडची मोठी अर्थपूर्ण चाल आहे. माणूस जातो. त्याच्या नावाने खुर्च्या मांडल्या जातात, तसबिरीला हार घातला जातो, समई लावली जाते आणि मागे राहिलेली माणसे तास-दीड तास शांत बसून काही ऐकतात. गेलेल्यासाठी आता हातांनी करण्यासारखे काही उरलेले नसते, म्हणून आपण शब्द गोळा करतो. आजचा विषय याच सवयीबद्दल आहे. आजारपण आणि मरण समजून घ्यायला गाणे, कीर्तन, पत्र, नाटक, सिनेमा यांचा काय उपयोग?

ज्याच्या घरात कर्करोगाचा पेशंट झोपून आहे त्याला हा प्रश्नच नकोसा वाटेल. त्याला औषध हवे, बेड हवा, पैसे हवेत. ओवी कशाला हवी? त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. औषधाच्या जागी ओवी ठेवा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण त्याच घरात रात्री अकरा वाजता, पाहुणे गेल्यावर, दिवा मालवल्यावर आजारी माणूस हळूच विचारतो, ‘मी बरा होईन ना रे?’ त्याचे उत्तर कोणत्या फाइलीत लिहिलेले असते? रक्ताचा रिपोर्ट त्या वेळी काय सांगतो? काहीच नाही. हे उत्तर माणसांनी माणसांसाठी शेकडो वर्षे शोधले आणि जपून ठेवले. ते कुठे ठेवले आहे हे पाहायला फार लांब जायला नको. आपल्या या नगर जिल्ह्यातच चार-पाच ठिकाणी जाऊन येऊ.

सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून.

9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली. कार्यकारिणीच्या सदस्यांना रेल्वेने नगरला आणून या किल्ल्यात ठेवले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, आणि तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. नेहरूंनी 1944 मध्ये इथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे नगरच्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पण त्याच तटबंदीच्या आत आझाद उर्दूत पत्रे लिहीत होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पत्रे लिहिली होती हबीबुर रहमान खान शेरवानी या मित्राला. ती पाठवण्याची सोय नव्हती. तरीही आझाद लिहीत राहिले. चहाबद्दल, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांबद्दल, संगीताबद्दल. सुटकेनंतर 1946 मध्ये ती ‘गुबार-ए-ख़ातिर’ या नावाने छापली गेली.

त्यातले एक पत्र 11 एप्रिल 1943 चे आहे. दोन दिवसांपूर्वी, 9 एप्रिलला, त्यांची पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारली होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला आझाद घरातून निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली होती आणि फारसे काही बोलली नव्हती. पुढे किल्ल्यात तिच्या आजाराच्या बातम्या येऊ लागल्या. सरकारकडे विनंती करायची असेल तर ती पुढे पाठवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. आझादांनी विनंती केली नाही. ज्या सरकारशी लढाई चालू आहे त्याच्यापुढे खासगी दुःखाची झोळी पसरायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. दिनक्रम होता तसाच ठेवला. जेवायच्या वेळी जेवायला, चहाच्या वेळी चहाला. सोबत्यांना चेहऱ्यावर काही दिसू नये याची काळजी घेतली. आणि हे सगळे झाल्यावर त्या न पाठवलेल्या पत्रात मात्र खरे लिहिले: वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याच्या पावलांचा आवाज आला की काळीज धडधडायचे, ती शांतता हा देखावा होता, आणि तो टिकवायला शरीराला किंमत मोजावी लागली. छत्तीस वर्षांचा संसार संपला आणि दोघांच्या मध्ये मृत्यूची भिंत उभी राहिली. तिच्या मातीलाही ते जाऊ शकले नाहीत.

पत्राचा शेवट किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या कबरीने होतो. कोणाची कबर, कोणालाच माहीत नव्हते. आल्यापासून त्यांनी ती शेकडो वेळा पाहिली होती. आता मात्र तिच्याविषयी वेगळीच जवळीक वाटू लागली. आदल्या संध्याकाळी ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि त्यांना मुतम्मिम इब्न नुवैरा या अरबी कवीची आठवण झाली. हा कवी सातव्या शतकातला. भाऊ मालिक मारला गेल्यावर त्याने शोककाव्य लिहिले. कोणाचीही कबर दिसली की तो रडे. लोकांनी दोष दिला तरी तो थांबत नसे, कारण त्याला प्रत्येक कबर मालिकचीच वाटे.

श्रोतेहो, इथे थोडे थांबू. कलकत्त्यात बाई गेली. तिचा नवरा नगरच्या किल्ल्यात. मध्ये अर्धा हिंदुस्थान. आणि त्याला आपले दुःख ओळखायला मदत केली कोणी? तेराशे वर्षांपूर्वीच्या, वाळवंटातल्या एका भावाने. त्या कवितेने बाई परत आली नाही. पण एक अनोळखी कबर त्या माणसाची झाली आणि तो रडू शकेल अशी जागा त्याला मिळाली. साहित्याचे काम पाहायचे असेल तर ते इथे पाहावे.

या पत्राचा आणखी एक उपयोग आहे आणि तो थेट दवाखान्यातला आहे. आयसीयूच्या बाहेर कोपऱ्यात एक माणूस ताठ बसलेला असतो. रडत नाही, ओरडत नाही, डॉक्टरांना ‘ठीक आहे साहेब’ म्हणतो. नर्सला वाटते, हा खंबीर आहे, याची चिंता नको. त्या दुसऱ्या रडणाऱ्या बाईला सांभाळा. ज्याने आझादांचे हे पत्र वाचले आहे तो डॉक्टर, ती नर्स त्या ताठ बसलेल्या माणसाजवळ आधी जाईल. कारण पावलांच्या आवाजाने त्याच्या छातीत काय होते आहे हे त्यांना माहीत असेल. हे ज्ञान शरीरशास्त्राच्या पुस्तकात नाही. ते एका कैद्याने नगरमध्ये लिहून ठेवले आहे.

किल्ल्यातून निघून नेवाशाला जाऊ.

प्रवरेच्या काठी तो खांब उभा आहे, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे. पैस नावाचा हा खांब. दुर्गा भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला त्याचेच नाव दिले. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. ग्रंथ लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. त्यांची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे: बाबांचे प्रेत नेत आहेत, बायको सती जायला निघाली आहे, वाटेत ज्ञानेश्वर भेटतात, नकळत सौभाग्याचा आशीर्वाद देतात आणि मेलेला माणूस उठून बसतो. मग तोच ज्ञानेश्वरीचा लेखक होतो. आख्यायिका इतिहास म्हणून वाचायची नसते, पण ती का टिकली हे विचारायला हवे. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाच्या हाताने मराठीचा हा पहिला थोर ग्रंथ लिहिला गेला, असे या गावाला वाटत आले आहे. जो पलीकडे डोकावून आला त्याच्याच हाती लेखणी द्यावी, ही साधी लोकसमजूत त्यात आहे.

आता ग्रंथाकडे वळू. तेराव्या अध्यायात गीतेत एक छोटे पद येते: जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतले दोष पाहणे. गीता चार शब्दांत पुढे जाते. ज्ञानेश्वर थांबतात. म्हातारपणाचे एवढे तपशीलवार वर्णन करतात की वाचताना घरातले म्हातारे माणूस समोर उभे राहते. मान हलते आहे, पाय लटपटत आहेत, आणि घरची माणसे कंटाळली आहेत. सांगणारा मुलगा परंपरेप्रमाणे पंधरा-सोळा वर्षांचा! त्याला हे कुठून कळले? स्वतःच्या शरीरावरून नक्कीच नाही. त्याने पाहिले, नीट पाहिले, आणि पाहिलेले भाषेत उतरवले. त्याचा आग्रहही तोच आहे: हे सगळे तरुणपणीच पाहून घ्यावे, अंगावर येईपर्यंत थांबू नये.

वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना आज हेच शिकवायची धडपड चालू आहे. देशातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग आला. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने ऐंशीच्या आजीची व्यथा समजून घ्यावी, अशी त्यात अपेक्षा आहे. ती तासिका इंग्रजीतल्या स्लाइडवरून घेण्याआधी महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी तेराव्या अध्यायाच्या त्या ओव्या एकदा वाचून दाखवाव्यात. शिकवणारा आणि शिकणारा जवळपास एकाच वयाचे असतील.

आणि हेच ज्ञानेश्वर 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतात तेव्हा काय होते? नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत ते नोंदलेले आहे. निवृत्तिनाथ थोरले भाऊ, शिवाय गुरू. देह नश्वर आहे हे त्यांना कोणी सांगायला नको होते. पण निरोपाच्या वेळी त्यांचा बांध फुटतो. वारकरी संप्रदायाने ते रडणे लपवले नाही. उलट सातशे वर्षे गाऊन जपले. ‘रडू नका, आत्मा अमर आहे’ असे शोकाकुल माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवणाऱ्यांनी हे अभंग पुन्हा ऐकावेत.

पुरुषांचे, ग्रंथांचे झाले. आता जात्याकडे.

शिर्डीचे साईबाबा 15 ऑक्टोबर 1918 ला, विजयादशमीच्या दिवशी, देह ठेवून गेले. त्यांचे ओवीबद्ध चरित्र ‘श्रीसाईसच्चरित’ गोविंद रघुनाथ दाभोलकर यांनी लिहिले. त्याच्या पहिल्याच अध्यायातली गोष्ट कशाची? दळणाची. मशिदीत बाबा गहू दळायला बसतात. गावात बातमी पसरते. चार बाया धावत येतात, खुंटा हातात घेतात आणि गात गात दळण संपवतात. पीठ आपल्यालाच मिळणार असे त्यांना वाटते. बाबा रागावतात आणि ते गावाच्या शिवेवर, ओढ्याच्या काठी टाकायला लावतात. गावात पटकीची साथ होती. भाविकांची श्रद्धा अशी की साथ त्या पिठाबरोबर दळली गेली. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये कलकत्त्यात दाखवून दिला होता. तो पाण्यातून पसरतो आणि पिठाने मरत नाही. ही गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पण साथीत गावाला दोन आजार होतात: एक पटकीचा, दुसरा भीतीचा. दुसऱ्या आजारावर त्या सकाळी चार बायांनी एकत्र बसून हात चालवले, गाणी म्हटली. ते दृश्य पाहून दाभोलकरांना चरित्र लिहावेसे वाटले, हे त्यांनीच सांगितले आहे.

जात्यावर बाया काय गात असत? सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, हे सगळे जाणतात. मरणाबद्दलही त्या गात असत, आणि फार गात असत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी 1980 च्या दशकापासून गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखावर ओव्या जमल्या. त्यांत मरणाच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. नवऱ्याआधी, अहेव मरण यावे; माहेरहून भाऊ यावा; त्याने आणलेले लुगडे अंगावर पडावे; आपली तिरडी वेशीतून जाताना कोणी काय म्हणावे. पहाटे चारला, पोर मांडीवर घेऊन, तिशीतली बाई स्वतःच्या अंत्ययात्रेचे वर्णन रचते आहे. याला कोणी उदासपणा म्हणेल. पण नीट ऐकले तर त्यात तिची मागणी आहे. जिवंतपणी जे मान-पान मिळाले नाही ते निदान मेल्यावर मिळावे, कोण जवळ असावे, काय नेसवावे. आज वकील ज्याला मृत्यूपूर्व इच्छापत्र म्हणतात, ते या बाया दळताना तोंडी करून ठेवत होत्या. त्यात अहेव मरणाची ओढ का आहे, हेही विचारायला हवे. विधवेच्या वाट्याला काय येणार हे तिने शेजारी पाहिलेले होते. ओवी तिचे दुःख सांगते आणि त्यामागचा समाजही उघडा करते.

गिरणी आली, जाते गेले, ते बरेच झाले; मनगटे सुटली. पण त्या बायांचे ज्ञान कुठे गेले? त्याचा एक धागा जामखेडला सापडतो.

1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले हे जोडपे. दुष्काळी मुलूख. त्यांनी गावाला सांगितले, तुमच्यातली एक बाई निवडा, आम्ही तिला शिकवतो. आलेल्या बाया बहुतेक निरक्षर. अनेक दलित, अनेक नवऱ्याने टाकलेल्या. वही-पेन्सिल हातात न धरलेल्या बाईला आरोग्यशास्त्र कसे शिकवायचे? तिला जे येत होते त्यातून. गाणे येत होते, गोष्ट येत होती, नकला येत होत्या. आठवड्याला जामखेडला जमायचे, शिकायचे, रात्री तिथेच मुक्काम. वेगवेगळ्या जातींच्या बाया एका मोठ्या पांघरुणाखाली झोपत. तो शिक्षणाचाच भाग होता. परत गेल्यावर जुलाब झालेल्या बाळाला पाणी पाजा, गरोदर बाईला पोटभर जेवू द्या, कुष्ठरोग्याला वाळीत टाकू नका, हे गावाच्या बोलीत, गाण्यातून, ओट्यावरच्या गप्पांतून जायचे.

परिणाम आकड्यांत आहे. प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. 1976 मध्ये हा आकडा 52 वर आला आणि पुढे तिशीच्या खाली गेला. हे नुसत्या गाण्याने झाले का? नाही. विहिरी खणल्या, लसी टोचल्या, पोरांना खायला मिळाले, म्हणून झाले. पण लस टोचून घ्यायला आई बाहेर आली ती कोणामुळे? तिच्याच भाषेत बोलणाऱ्या बाईमुळे. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये.

जामखेडला शिकलेल्या अशाच एका आरोग्यसेविकेची हकिगत आरोळ्यांनी आपल्या पुस्तकात सांगितली आहे. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या परिषदेत ही बाई बोलायला उभी राहिली. सभागृहातल्या झुंबरांकडे हात करून तिने सांगितले की डॉक्टर असे असतात: झगझगीत, महाग, उंचावर. मग पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या, एक पेटवली, तिच्यावर दुसरी पेटवली. झुंबराला हे जमत नाही. सारे सभागृह उभे राहिले. हा दृष्टांत तिला कोणत्या पुस्तकात मिळाला? कीर्तनात वाढलेल्या, ओव्या ऐकलेल्या बाईला दृष्टांत शोधायला पुस्तक लागत नाही.

इथून मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांकडे वळू, कारण आता आपल्यातले पुष्कळ जण तिथेच मरतात. पुणे, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, मुंबई. नगरच्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी त्या वाऱ्या केल्या आहेत. तिथले आजारपण आणि मरण आपल्याला सिनेमाने आणि नाटकाने दाखवले. आधी सिनेमा पाहू.

मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांतले सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णपदक पहिल्यांदा मिळाले ते ‘श्यामची आई’ला. आईच्या आजाराची आणि मरणाची ती कथा. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुन्हा तुरुंग, पुन्हा दूर राहिलेले माणूस! दुसऱ्यांदा हा मान मिळायला पन्नास वर्षे लागली आणि तो ‘श्वास’ला मिळाला. संदीप सावंत यांचा 2004 साली आलेला हा चित्रपट. कोकणातला आजोबा, डोळ्याचा कर्करोग झालेला नातू, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. पोराला सांगायचे कोणी? डॉक्टर योग्य तेच करतो, पण घाईत करतो. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यातून गायब होतो. डॉक्टर संतापतो. आजोबाने पोराला शहर दाखवायला नेलेले असते, शेवटचे डोळे भरून. डॉक्टरच्या वेळापत्रकात ही गोष्ट नव्हती. आता प्रत्येक नेत्र विभागाने ती वेळापत्रकात घ्यायला हवी, असे चित्रपट पाहिलेल्या कोणालाही वाटेल. पुढे 2016 मध्ये ‘व्हेंटिलेटर’ आला. अख्खे गणगोत आयसीयूबाहेर जमते आणि यंत्र काढायचे की नाही यावर बोलायला लागते. कितीतरी घरांत हा विषय त्या चित्रपटानंतर पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला.

मराठी रंगभूमी तर डॉक्टरांनीच भरलेली आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. त्यांनी 1970 मध्ये ‘नटसम्राट’ उभा केला आणि म्हातारपणी घराबाहेर पडावे लागलेल्या बापाचे दुःख महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेला संस्कृतपंडित त्यांनी केला. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. त्यांचा दवाखाना आपल्या सीमेलगतच्या दौंडला होता. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागात काम करत होते, आणि 1974 मध्ये त्यांनी ‘महानिर्वाण’ लिहिले. त्यात मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतो! प्रेत पडून आहे, मुलगा यायचा आहे, जुने स्मशान बंद झाले आहे. देहाचे काय होते हे प्रयोगशाळेत रोज पाहणाऱ्या माणसाला ते सांगण्यासाठी कीर्तन लागले. हा योगायोग मानू नये. या लोकांना आपापल्या विद्येत काहीतरी अपुरे वाटत होते, आणि ते पुरे करायला ते रंगमंचावर आले.

साहित्याने कायदाही हलवला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग 1973 मधल्या हल्ल्यानंतर जवळपास बेचाळीस वर्षे तशीच पडून होती. पिंकी विराणी यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. 7 मार्च 2011 च्या निकालात अर्ज फेटाळला गेला. केईएमच्या परिचारिका तिला आपले माणूस मानून सांभाळत होत्या, त्यांचे म्हणणे न्यायालयाने ऐकले. पण त्याच निकालाने विशिष्ट परिस्थितीत कृत्रिम उपचार थांबवायची वाट प्रथमच उघडली. अरुणा 18 मे 2015 ला गेली. 9 मार्च 2018 ला न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि मृत्यूपूर्व इच्छापत्र मान्य केले. 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते करता येते. 2011 च्या त्या पहिल्या निकालाच्या मुळाशी एका लेखिकेने लिहिलेली एका खाटेवरची गोष्ट आहे.

वेदनाशमनाचे तेच. लंडनला सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. त्या आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि मरणाऱ्यांचे बोलणे लिहून ठेवत गेल्या. त्यातूनच त्यांना कळले की दुखणे अंगाचे असते तसे मनाचे, घरच्या काळजीचे, देवावरच्या रागाचेही असते. भारतातले पहिले असे केंद्र, शांती आवेदना सदन, 1986 मध्ये वांद्र्याला सुरू झाले. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला कर्करोगाचा पेशंट शेवटच्या महिन्यात अजूनही घरीच कण्हत असतो. मॉर्फिन ही चैन नव्हे, तो त्याचा हक्क आहे, आणि तो मिळवून द्यायला जिल्ह्याने मागे लागले पाहिजे.

आता शेवटचा थांबा, आणि तो थोडा अवघड आहे. दहावा.

प्रवरासंगमला, पुणतांब्याला, गावोगावच्या नदीकाठी सकाळी सात वाजता मंडप पडतो. प्रवचनकार महाराज तासभर बोलतात. चांगले महाराज असतील तर ती मोठी सोय आहे: सारे गाव एकत्र बसते, मरणाबद्दल शांतपणे ऐकते. अशी सोय शहरातल्या सोसायटीत नाही. मग माइक पुढाऱ्यांच्या हाती जातो. कारखान्याचे, बँकेचे, पंचायत समितीचे, एकामागून एक श्रद्धांजली. गेलेल्या माणसाची एकही खरी आठवण कोणी सांगत नाही. मागच्या बाजूला बायकांत त्याची बायको बसलेली असते. दहा दिवसांपूर्वी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले. तिला कोणी बोलायला सांगते का? पन्नास वर्षे त्याच्याबरोबर काढलेली ती, आणि माइक तिच्याकडे जात नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे आवाहन केले. ठराव झाला तरी बदल व्हायचा तो मंडपात. माइक त्या बाईच्या हाती द्या. तिला बोलता आले नाही तर गाऊ द्या. गाता आले नाही तर रडू द्या. निवृत्तिनाथ रडले तिथे तिने का रडू नये?

नगरमध्ये 1924 साली जन्मलेले मधू दंडवते 2005 मध्ये मुंबईत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. विधी नाही, मंडप नाही. पण शरीररचनेच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना तो देह शिकायला मिळाला. हीही एक रीत आहे आणि तिच्यामागेही आयुष्यभराचे वाचन आणि विचार आहे. कोणती रीत घ्यायची ते ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवावे. शुद्धीवर असताना, घरच्यांशी बोलून.

म्हणून श्रोतेहो, सभागृहातून बाहेर पडताना दोन कामे बरोबर घेऊन जा. पहिले, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला या आठवड्यात विचारा: जास्त आजारी पडलात तर कुठे राहायचे आहे, जवळ कोण हवे, यंत्रावर ठेवायचे का, कानावर काय पडावेसे वाटते, हरिपाठ, नमाज, स्तोत्र की रेडिओवरचे जुने गाणे. उत्तर येईल ते वहीत उतरवा आणि त्यांची सही घ्या. दुसरे, तुमच्या गावात जात्यावर बसलेली शेवटची बाई अजून असेल, ऐंशीच्या पुढची. तिच्यापुढे मोबाइल ठेवा आणि तिला गाऊ द्या. मरणाच्या ओव्या आल्या की थांबवू नका. रेकॉर्डिंगला तिचे नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.